होकारशास्त्र: शिरूर-दौंड टापूतील ‘हो सर’चा अभ्यास

प्रस्तुत प्रबंधाचा विषय एका अक्षराचा आहे: हाताखालच्या माणसाने वरच्याला दिलेला ‘हो’. अभ्यासक्षेत्र घोडनदीच्या पुलापासून न्हावरे, केडगाव-चौफुला करत दौंडच्या प्लॅटफॉर्मपर्यंतचं. संशोधकाची पात्रता एवढीच, की त्याचा जन्म दौंडच्या रेल्वे क्वार्टरात झाला, घर शिरूरला आहे आणि रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंग लाइनवरच्या १२ माणसांचा तो ‘सर’ आहे. अप्रेझलच्या महिन्यात रांजणगावच्या महागणपतीला गर्दी वाढते का, हा शेजारचा विषय दुसऱ्या अभ्यासकासाठी सोडला आहे.

प्रथम व्याकरण. ‘हो’ हे ‘होणे’ या धातूचं आज्ञार्थी रूपही आहे. ‘मोठा हो’, ‘बाजूला हो’ यातलं. तेव्हा “संध्याकाळपर्यंत संपेल ना?” या प्रश्नावर माणूस “हो” म्हणतो, तेव्हा तो शब्द देत नसून परस्पर कामालाच हुकूम सोडत असावा, असं आमचं नम्र मत आहे. याची पुढची पायरी ‘होऊन जाईल’. या वाक्याला कर्ताच नाही. काम आपलं आपण होईल आणि झाल्यावर निघूनही जाईल; मधे कोणाचे हात काळे होणार, याबद्दल वाक्य अवाक्षर काढत नाही. ‘करून टाकू’ला कर्ता आहे, पण अनेकवचनी, आणि त्या ‘आम्ही’त बोलणारा धरलेला असेलच असं नाही. ‘झालंच समजा’ यात समजून घ्यायची जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते. ‘बघतो’ हा त्या मानाने प्रामाणिक प्रकार. त्यात बघण्याचंच कबूल केलेलं असतं, आणि माणूस शब्दाला जागून खरोखर बघत राहतो. सगळ्यांत दुर्मीळ आणि मोलाचा प्रकार ‘हो सर, पण…’. त्याची कथा पुढे येईल.

‘व्हय’ हा अस्सल होकार या वर्गीकरणात धरलेला नाही. तो माणसं एकमेकांना देतात, सरांना नाही.

हे सगळं टिपायला मी एक वही केली होती. पहिल्या दिवशी चार पानं भरली. दुसऱ्या दिवशी लाइनवर वहीचा बोभाटा झाला आणि तिसऱ्या दिवसापासून १२च्या १२ तोंडांतून इस्त्री केलेला एकच ‘हो सर’ येऊ लागला. साहेबाच्या हातात वही दिसली की भाषेची विविधता नष्ट होते, हा या अभ्यासाचा पहिला निष्कर्ष. वही सध्या घरी दुधाच्या हिशेबाला आहे.

सामुदायिक होकाराचा अभ्यास करायचा तर सप्टेंबरात सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जावं. दोन्ही तालुके उसाचे, तेव्हा संधी भरपूर. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत सभा घ्यावी असा सहकार कायदा आहे. पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सचिव “मागील सभेचे इति…” इथवर येतात तोच मांडवाच्या उजव्या बाजूने “मंजूर, मंजूर!” उठतं. हा होकार प्रश्नाच्या आधी येतो. ऐकून मग उत्तर द्यायची कटकटच ठेवलेली नाही. मागच्या रांगेत एखादा सभासद हातात कागद धरून उभा असतो. त्याचा माइक नेमका तेव्हाच बंद पडतो. माइक कसा बंद पडतो, हा विजेचा विषय असल्याने इथे घेतला नाही.

दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट आहेत. तिथे होकार टाचेने देतात. आवाज स्वच्छ, अर्थ एकच.

साहेबाबद्दल लोकांना खरोखर चांगलं वाटलं, याचा भरभक्कम पुरावा आमच्या शिरूरलाच आहे. इंग्रजांची छावणी इथे होती तेव्हा कर्नल वॉलेस नावाचा अधिकारी १८०९मध्ये वारला. त्याच्या थडग्याला लोक ‘सत्पुरुष’ म्हणून भजू लागले. सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य आसपासच्या गावांतून तिथे येई, अशी गॅझेटियरात नोंद आहे. मॅनेजमेंटच्या कुठल्याही पुस्तकात यापेक्षा वरचा शेरा सापडणार नाही. फक्त तो मिळाला तेव्हा साहेब हयात नव्हता. आमच्याकडे निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन जी भाषणं होतात, ती याच परंपरेतली: माणूस परत येत नाही याची खात्री पटली की जीभ मोकळी होते.

हयात साहेबाला खरं सांगायचं म्हटलं की व्याख्याते रामशास्त्री प्रभुण्यांचं उदाहरण देतात. नारायणरावाच्या १७७३च्या खुनाबद्दल शास्त्रीबुवांनी राघोबादादाला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, आणि मग ते पुणं सोडून गेले. व्याख्यानात वाक्याचा पहिला अर्धा येतो. माझ्या लाइनवरच्या माणसाला मात्र दुसरा अर्धाच आधी ऐकू येतो, कारण तो ठेकेदाराकडून आलेला असतो, कारेगावात खोली भाड्याने असते आणि गाडीचा हप्ता ५ तारखेला असतो.

आता ‘हो सर, पण’ची कथा. आमच्या लाइनवर खोकी रोलरवरून घरंगळत टेप लावायच्या मशिनकडे जातात. पाच-सहा महिने खोकी किंचित तिरकी जात होती आणि टेप वाकडी बसत होती. मी रोज दुपारी मीटिंग घ्यायचो. मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमध्ये शिकवल्याप्रमाणे सगळ्यांना गोल उभं करायचं, डोळ्यात बघायचं आणि मोकळं हसून विचारायचं, “काही अडचण?” “नाही सर.” “नक्की?” “नाही सर, चाललंय.” १२ माणसं, २४ डोळे, पैकी माझ्याकडे बघणारे दोन, आणि तेही घड्याळ माझ्या मागच्या भिंतीवर आहे म्हणून.

एका संध्याकाळी गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेत होतो. टपरीवाले मामा गाळणी आपटत सहज म्हणाले, “तुमच्या तिसऱ्या रोलरचं काय झालं मग?”

मी म्हटलं, “कुठला रोलर?”

“अहो, अडकतो ना तो. पुठ्ठा लावून ठेवलाय पोरांनी.”

सकाळी जाऊन वाकून बघितलं. तिसऱ्या रोलरचं बेअरिंग गेलेलं, आणि चौथ्याखाली उंची जुळवायला पुठ्ठ्याची घट्ट घडी सारलेली. घडीच्या कडा तेलाने काळ्या झाल्या होत्या, म्हणजे बराच काळ तिथे होती. मी जरा तावातच विचारलं, “मला का नाही सांगितलं?” लाइनवरच्या सगळ्यांत वयस्कर मावशी म्हणाल्या, “सांगितलं होतं की सर. ‘हो सर, पण रोलर…’ असं म्हणाले होते मी. तुम्ही ‘गुड’ म्हणालात.”

येथे शास्त्राचा मुख्य सिद्धान्त हाती येतो. साहेबाचा कान ‘हो’वर बंद होतो. ‘पण’ त्याच्या बाहेर उभा राहतो, टपरीवर जातो, आणि तिथे त्याला चहाबरोबर क्रीमरोलही मिळतो.

परदेशी विद्वानांनी यावर बरंच काम केलं आहे, ते थोडक्यात आटोपतो. डेमिंगसाहेबांच्या १४ कलमांतलं ८वं म्हणतं, भीती घालवा. टोयोटाने लाइनवर दोरी बांधली. चूक दिसली की कोणीही ओढावी, मग वर दिवा लागतो. त्याला ‘अँडन’ म्हणतात. मूळ अर्थ कागदी कंदील. आमच्याकडे दोरीऐवजी लाल बटण आहे. त्यावरचं प्लास्टिकचं आवरण अजून काढलेलं नाही, जसं घरी नव्या रिमोटवरचं काढत नाहीत. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका मोजल्या. चांगल्या टीमच्या चुका कमी निघतील असा अंदाज होता, निघाल्या जास्त. कारण त्या टीम चुका जास्त करत नव्हत्या, जास्त सांगत होत्या. हे वाचून मी आमच्या कमी चुकांच्या तक्त्याकडे पाहिलं आणि मला घाम फुटला. त्याच आठवड्यात आमच्याकडे एक फॉर्म वाटला होता: ‘आपल्या वरिष्ठांविषयी मोकळेपणाने लिहा. नाव लिहिणे ऐच्छिक.’ वरच्या कोपऱ्यात एम्प्लॉयी कोड छापून आला होता.

यापेक्षा दौंड तालुक्यातलं गुऱ्हाळ बरं. गुळव्या काहिलीतल्या पाकाचा थेंब पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळते का बघतो आणि मगच काहील उतरवायला सांगतो. पाक कधी ‘हो मालक, झालोच’ म्हणत नाही.

पण माणसांचं काय करावं, याचं उत्तर मला गुऱ्हाळात मिळालं नाही. ते घरातच पडलं होतं. आमचे अण्णा दौंड-मनमाड लाइनवरच्या एका छोट्या स्टेशनात असिस्टंट स्टेशन मास्तर होते. ही लाइन १८७८ची. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन तेव्हा दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावायचे. इंजिनापासून सगळ्यांत लांबचा डबा एकदम पहिला होई आणि गार्डसाहेब चालत मागे, म्हणजे मघाच्या पुढे, जात. लहानपणी मला वाटायचं की सगळ्याच ऑफिसांत अधूनमधून असं करतात.

रेल्वेला ‘हो’ चालत नाही. गाडी यायची असली की अण्णा फोनचं हँडल फिरवून फाटकावरच्या गेटमनला फाटक बंद करायला सांगत. गेटमन फाटक लावी, कुलूप घाली आणि मग फोनवर एक दोन अंकी आकडा सांगे. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. त्याच्याकडे आकड्यांचा छापील कागद असतो. आकडे कुठल्याही क्रमाने, एकदा दिलेला खोडायचा, पुन्हा वापरायचा नाही. अण्णा तो रजिस्टरात लिहीत. नंबर आला म्हणजे फाटक बंद आहे. ‘होऊन जाईल’ला नंबर नाही, ‘झालंच समजा’ला नंबर नाही. आणि नंबर मिळाल्याशिवाय सिग्नल पडत नाही, मग फोन करणारा कितीही मोठा असो.

एकदा हिवाळ्याच्या रात्री मी अण्णांसोबत ड्यूटीवर बसलो होतो. फोनवर पलीकडचा आवाज म्हणाला, “नंबर नाही देत, मास्तर. उसाची गाडी मधेच बसलीय.” अण्णा “बरं” म्हणाले आणि रिसीव्हर कानालाच धरून बसले. बाहेर सिग्नलपाशी गाडी शिट्ट्या मारत होती. कोणी कोणावर ओरडलं नाही, मेमो निघाला नाही, ‘तुमच्यात पॉझिटिव्ह अॅटिट्यूड नाही’ असं कोणी म्हणालं नाही. पगाराच्या हिशेबात सगळ्यांत खालच्या माणसाने गाडी अडवली होती, आणि त्याने ‘नाही’ शब्द मास्तरांना उद्देशून वापरलासुद्धा नव्हता. नंबरापुरता वापरला होता.

म्हणून मी प्रयोग केला. १२ कागदांवर आडवेतिडवे आकडे लिहून वाटले. यापुढे कोणी मला ‘हो सर’ म्हणायचं नाही. काम होणार असेल तर नंबर द्यायचा आणि खोडायचा, नसेल तर द्यायचा नाही. पहिल्या दिवशी हसण्यावारी गेलं. एका पोराने सगळे आकडे एका दमात वाचले आणि महिनाभराचे होकार देऊन टाकले. दुसऱ्या दिवशी दोघांनी कागद हरवला. तिसऱ्या दिवशी तातडीची ऑर्डर आली. मी मावशींजवळ जाऊन विचारलं, “मावशी, आज सगळा माल टेप होऊन निघेल ना?”

मावशींनी ओच्यातून कागद काढला. चष्मा लावला. कागद नीट वाचला, परत घडी घातली आणि म्हणाल्या, “नंबर नाही देत, सर. रोलर बसवा.”

रोलर मेन्टेनन्सला सांगून १५ दिवस झाले होते. त्यांनी ‘होऊन जाईल’ म्हटलं होतं, आणि मी त्यांच्याकडून नंबर घेतला नव्हता. मी मावशींना “बरं” म्हणालो. अण्णांसारखं जमलं की नाही कोण जाणे, पण ओरडलो नाही. लाइन २० मिनिटं थांबवली आणि मेन्टेनन्सच्या माणसाला शेजारी उभं करून रोलर बदलून घेतला. पुठ्ठ्याची घडी मी ड्रॉवरमध्ये जपून ठेवली आहे. प्रबंधाची ती एकमेव साधनसामग्री.

संध्याकाळी शिरूरच्या एसटी स्टँडसमोर उतरत होतो तेवढ्यात वरच्या साहेबांचा फोन आला. रविवारी जादा शिफ्ट लावायची होती. माणसं नव्हती, दोघांचं लग्नाला जायचं ठरलेलं होतं, टेपचा स्टॉकही शनिवारपुरताच होता.

“होईल ना?” त्यांनी विचारलं.

“हो सर,” मी म्हणालो. “होऊन जाईल.”