नाक मुरडण्याचे प्रशिक्षण

जानेवारी उजाडला की नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी सुरू होते आणि मुंबई-पुण्याची मंडळी गंगापूर धरणाच्या बाजूला चव शिकायला निघतात. राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा अजून जागेवर आहे, हे वाटेत कोणी काढत नाही. सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचा निर्णय 2022 साली मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाइन ही दारू की नव्हे यावर अख्खा महाराष्ट्र तावातावाने भांडला. ती लागते कशी, यावर कोणी ब्र काढला नाही. ती उणीव आता शनिवार-रविवारी भरून निघते आहे. नवशिक्यांच्या सोयीसाठी आम्ही हा अभ्यासक्रम देत आहोत.

ग्लास दांडीला धरावा. हाताची ऊब वाइनला लागू नये म्हणून, असे तिथे सांगतात. फोटो बरा येतो, हे सांगत नाहीत. मग ग्लास गोल फिरवायचा, म्हणजे वास मोकळा होतो. पांढरा शर्ट घालून आलेल्यांनी हा धडा पांढऱ्या शेनिन ब्लाँवर गिरवावा, लाल शिराझपर्यंत थांबू नये.

आता सॉव्हिन्यों ब्लाँ; नाक ग्लासात. समोरचा प्रशिक्षक विचारतो, “काय जाणवतंय?” टेबलावर दहावीच्या तोंडी परीक्षेची शांतता पसरते. शेवटी कोपऱ्यातले सिन्नरचे काका म्हणतात, “पेरू.” मंडळी खाली बघून हसतात. प्रशिक्षक म्हणतो, “पॅशन फ्रूट,” आणि ज्यांनी ते फळ जन्मात पाहिलेले नाही ते सगळे डोळे मिटून माना डोलवतात. वास्तविक काका बरोबर होते. सॉव्हिन्यों ब्लाँमध्ये जी गंधकयुक्त संयुगे असतात, ती पेरूतही असतात आणि पॅशन फ्रूटमध्येही. पण पेरू पडला गाडीवरचा, तिखट-मीठ लावून मिळणारा. त्याला कोण विचारतो?

शिराझची गंमत याहून मोठी. तिला काळ्या मिरीचा वास येतो तो रोटंडोन नावाच्या संयुगामुळे. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी 2008 मध्ये हे दाखवून दिले. आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या मिरीचा वासही त्याचाच. साधारण पाचातल्या एकाला मात्र हा वास जाणवतच नाही. नाकच तसे असते, इलाज नाही. तरीही दहा जणांच्या टेबलावर दहाही जणांना मिरी लागते. त्यातल्या ज्या दोघांना ती लागणे शक्यच नाही, ते सर्वांत आधी “वा!” म्हणतात.

यात लाजण्यासारखे काही नाही. 2001 मध्ये बोर्दोच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्र शिकणाऱ्या 54 जणांपुढे पांढरी वाइन गंध नसलेला लाल रंग घालून ठेवली. मंडळींनी तिचे वर्णन लाल वाइनच्या ठेवणीतल्या शब्दांत केले. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगात एकच वाइन एकदा 10 डॉलरची म्हणून आणि एकदा 90 डॉलरची म्हणून पाजली. महागडी जास्त आवडली, आणि ती आवड मेंदूच्या स्कॅनमध्येही उमटली. तेव्हा नवशिक्याने आधी रंग बघावा, मग किंमत बघावी, मग शेजाऱ्याचा चेहरा. नाकाला शेवटी बोलवावे.

राहता राहिले थुंकणे. जाणकार घोट तोंडात घोळवून शेजारच्या भांड्यात थुंकतात, कारण ओळीने सहा-सात वाइन चाखायच्या तर शुद्ध हवी. आमचा माणूस इथे अडतो. जिन्याच्या कोपऱ्यात, एसटीच्या खिडकीतून, दुभाजकावर जो मुक्तपणे पिचकारी मारतो, त्याला तिकीट काढून मिळालेला घोट भांड्यात टाकवत नाही. तो गिळतो. चौथ्या ग्लासनंतर त्याला पेरू, मिरी, ओला दगड, जुने चामडे सगळे एकदम येऊ लागते आणि प्रशिक्षक त्याची पाठ थोपटतो.

एवढे करूनही खरोखर चव शिकायचीच असेल, तर जगभरचे परीक्षक करतात ते करावे: बाटली झाकून चाखावी. लेबल नाही, किंमत नाही. याची तयारी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. दुकानदार बाटली न सांगता वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. सदर वाचून झाले असेल तर हे पान त्या कामाला घ्यावे. पूर्ण पान लागते, अर्ध्यात मान उघडी राहते.