प्रोसेसवाला

फिलाडेल्फियातला प्रोसेसवाला मार्च महिन्यात ओळखावा. आपल्याच संघाचा, म्हणजे सेव्हंटी सिक्सर्सचा, बास्केटबॉल सामना तो बघत असतो आणि समोरच्या संघाचा शॉट रिंगवर आपटून बाहेर आला की कळवळतो, "अरे, एवढा सोपा सोडलास?" शेवटच्या मिनिटाला सिक्सर्स दोन गुणांनी पुढे गेले की त्याचा जीव टांगणीला. मग एखादा नवखा पोरगा चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात देतो, सामना जातो, आणि आमचे गृहस्थ समाधानानं फ्रीज उघडतात.

"हरले ना?" बायको विचारते.

"हरले काय म्हणतेस? नंबर सुधारला!"

त्याचं शास्त्र असं : एनबीएत तळाच्या संघांना ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, लॉटरीत वरचा नंबर लागण्याची शक्यता जास्त. 2013 मध्ये सॅम हिंकी सिक्सर्सचे जनरल मॅनेजर झाले आणि त्यांनी ठरवलं, मधेच रखडण्यापेक्षा सरळ तळ गाठू. हीच ती 'प्रोसेस'. ऑल-स्टार जरू हॉलिडेला देऊन टाकलं. त्या हंगामात सलग 26 सामने हरले. पुढच्या वर्षी 18 विजय, त्यापुढच्या वर्षी 82 पैकी 10. इतरांना ही नामुष्की. प्रोसेसवाल्याच्या लेखी हे एलआयसीचे हप्ते. एखादा सामना चुकून जिंकला की हप्ता थकल्यासारखा तो अस्वस्थ होई.

एप्रिल 2016 मध्ये हिंकींनी 13 पानी राजीनामा दिला. त्यात वॉरन बफे आहेत आणि न्यूझीलंडचा नामशेष झालेला मोआ पक्षीसुद्धा आहे. राजीनाम्यात पक्षी कशाला, हे प्रोसेसवाल्याला विचारू नये. तो सांगत बसतो.

फळ आलंच नाही असं नाही. 2014 मध्ये तिसऱ्या नंबरावर एम्बीड मिळाला. पहिले दोन हंगाम तो दुखापतीनं बाकावर बसला, पण 2023 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मात्र त्याच वर्षी बॉस्टनच्या टेटमनं प्लेऑफ मालिकेच्या सातव्या सामन्यात 51 गुण ठोकून सिक्सर्सना घरी पाठवलं. हा टेटम 2017 च्या ड्राफ्टमध्ये तिसरा गेला होता. सिक्सर्सनी बॉस्टनशीच सौदा करून मिळवलेल्या पहिल्या नंबरावर घेतलं फुल्ट्झला! आणि 2023 चं विजेतेपद डेन्व्हरला मिळवून देणारा योकिच? एम्बीडच्याच ड्राफ्टमधला, 41 वा. हरून नंबर मिळवता येतो. खेळाडू ओळखायला नजर लागते, ती लॉटरीत निघत नाही.

हे म्हटलं की प्रोसेसवाला "ओक्लाहोमा बघा!" म्हणून उसळतो. बरोबर आहे, तेही दोन वर्षं भरपूर हरले. पण त्यांचा हुकमी एक्का शे गिल्जस-अलेक्झांडर ड्राफ्टमधून नव्हे, 2019 मध्ये पॉल जॉर्जच्या बदल्यात आला. त्याच वर्षी लॉटरीचे नियमही बदलले. तळाच्या संघाला पहिल्या नंबराची 25 टक्के शक्यता होती. ती तळाच्या तिघांना प्रत्येकी 14 झाली.

तरी 2025 च्या मार्चमध्ये गृहस्थ पुन्हा टीव्हीसमोर, पराभवासाठी देव पाण्यात घालून. पहिल्या सहांत आला नाही तर सिक्सर्सचा नंबर एका जुन्या सौद्यानुसार ओक्लाहोमाला जाणार होता. 58 सामने हरून त्यांनी तो वाचण्याची शक्यता वाढवली. मेमध्ये लॉटरीत तिसरा नंबर लागला, तो वाचला, बारमध्ये जल्लोष झाला. जूनमध्ये करंडक उचलला ओक्लाहोमानं.