गीझरची दहावी दिशा

आदरणीय वास्तुकाका,


गीझर बसला. तुम्ही बोट दाखवलंत तिथेच बसला, मागल्या कोठीत, आग्नेय कोपऱ्यात, गव्हाच्या कणगीवर. न्हाणी नैऋत्येला बांधली हे आमच्या आजोबांचं पाप. प्रायश्चित्त म्हणून आम्ही तीस फूट लोखंडी पाइप ओढला. आता सकाळी नळ सोडला की रात्रभर पाइपात झोपलेलं दीड-पावणेदोन लिटर गार पाणी आधी अंगावर येतं. त्यालाही काही शास्त्राधार असेलच.

मी बावळटासारखं विचारलं होतं, गीझर अग्नी की पाणी? पाणी म्हटलं तर ईशान्य, अग्नी म्हटलं तर आग्नेय. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "तापतं ते अग्नी." शिडीवरचा वायरमन सांगत होता, न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीला लावा, मेन बोर्ड तिथेच आहे, जाड वायर आणि अर्थिंग हाताशी आहे. पण त्याच्याकडे टेस्टर, तुमच्याकडे होकायंत्र. तो बिचारा शिडी घेऊन निघून गेला आणि मुहूर्त टळू नये म्हणून तुम्ही आमच्या भाच्याच्या हातात ड्रिल दिलंत.

कोठीत होतं काय, तर बल्ब-पंख्याच्या लाइनवरचं जुनं सॉकेट. गीझर २००० वॅटचा. २३० व्होल्टनं भागा, पावणेनऊ अँपिअर होतात. सॉकेट ६ चं, हवं १६ चं. मध्ये अडॅप्टर खुपसला. तिसऱ्या दिवशी कोठीत प्लॅस्टिक जळल्याचा वास. पुरणपोळीसारखा तांबूस डाग सॉकेटवर उमटला होता. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर कॉइलवर चढेल, ते मी ग्रहदोषात धरतो. २०२० च्या जूनमध्ये आपल्या लोणारचं सरोवर गुलाबी झालं तेव्हाही तुम्ही शनीकडेच बोट दाखवलं होतंत. पुण्याच्या आघारकर संस्थेला मात्र त्या पाण्यात गुलाबी रंग देणारे, मिठात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले.

पाचव्या दिवशी आईनं नळाला हात लावला आणि किंचाळली.

काका, इथे मला उपरोध जमत नाही. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, ओले पाय, ओली फरशी. मी मेन स्विच पाडला तेव्हा माझेच हात लटपटत होते. वायरमन परत आला, काही न बोलता सॉकेट उघडलं आणि मला दाखवलं. तिसऱ्या, मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. तुम्ही अर्धा दिवस अंश मोजलेत, आणि ते भोक कुणीच पाहिलं नाही. मीही नाही.

दिशा दहा असतात ना? आठ तुम्ही मोजल्यात, नववी वर, दहावी खाली, पाताळाची. अर्थिंगची वायर त्या दहावीला जाते. आणि हे विसरलात तेही लोणारात राहून! पुराणकथेतला लोणासुर जमिनीखालीच दडला होता. विष्णूरूपी दैत्यसूदनानं पायाच्या अंगठ्यानं त्याच्या बिळाचं झाकण उडवलं तेव्हा कुठे सापडला. मिठाच्या नावानं ओळखलं जाणारं हे गाव, आणि खड्ड्यात मीठ-कोळसा घालून एक अर्थिंग करायला आम्हाला आईची किंकाळी लागली.

तुम्हाला जाब विचारायला परवा तुमच्या घरी आलो होतो. तुम्ही नव्हतात. काकू दारातच तीन विटांवर पातेलं ठेवून ओली काटकी फुंकत होत्या. भाड्याची एक खोली, दार थेट दक्षिणेला, न्हाणी म्हणजे पोत्याचा आडोसा. "ह्यांना गार पाणी सोसत नाही, दमा आहे," म्हणाल्या. मी विचारलं, काकांनी इथली दिशा नाही पाहिली? त्या हसल्या, "भाड्याच्या घराला कसली दिशा, बाबा."

ठरवून आलेली सगळी वाक्यं मी परत घेऊन आलो. ती वरती लिहिली आहेत, खरी आहेत, आणि तुमची दक्षिणा मी अजूनही परत मागतो आहे.

गीझर काल हलवला. आता नैऋत्येला, मेन बोर्डाशेजारी, स्वतःच्या एमसीबीवर आहे. रविवारी काकूंना घेऊन आंघोळीला या. सातच्या आत या म्हणजे भारनियमनाची भीती नाही. होकायंत्र घरी ठेवा.

आपला,
नैऋत्येचा अपराधी