माझ्यावाचून अडतं

ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो, त्याला सुट्टीत फोन येत नाहीत. मला येतात. ऐन घटस्थापनेला येतात. बिलिंगचं एक फंक्शन माझ्याखेरीज कुणाला उलगडत नाही. त्यात ‘फ्लॅग’, ‘फ्लॅग टू’ आणि ‘न्यू फ्लॅग फायनल’ एकमेकांच्या इफमध्ये घुसून बसलेत. मी फोन घेऊन गॅलरीत गेलो की सासरे पाहुण्यांना सांगतात, “जावईबापूंवाचून कंपनीचं पान हलत नाही.” ते ऐकू येतं, म्हणून मी फोन जरा लांबवतोही.

कॉमेंट मी एकच लिहितो: ‘तात्पुरतं, नंतर काढणे.’ याला थोर परंपरा आहे. अपोलो 11 च्या चांद्रयानासाठी एमआयटीत लिहिलेल्या प्रोग्राममध्ये, थेट उतरण्याच्या भागात, दोन ओळींपुढे ‘तात्पुरतं असावं अशी आशा, आशा, आशा’ अशा अर्थाची टीप आहे. जुलै 1969 मध्ये टीप पृथ्वीवर राहिली, ओळी चंद्रावर उतरल्या. 1975 च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत तर एका अवघड जागी स्वच्छ लिहिलंय की हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही. काय रुबाब! युनिक्सचे एक कर्ते डेनिस रिची यांनी पुढे खुलासा केला, की तिथे काय चाललंय ते त्यांनाही कळलं नव्हतं. हा खुलासा मी ज्युनिअर पोरांपर्यंत पोचू देत नाही.

असो. आमच्या टीममधली एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवर होती, तेव्हाच, 22 सप्टेंबर 2025 ला, जीएसटीचे दर बदलले. तिच्या भागात दरांचा एक तक्ता होता. नव्या पोराने तो बदलला आणि तो जेवायला गेला. माझ्या भागात 28 हा आकडा जागोजाग पेरलेला. त्यातला कुठला टक्के आणि कुठला फेब्रुवारीचे दिवस, हे फक्त मला ठाऊक. मी रात्रभर जागलो आणि ‘स्टार परफॉर्मर’ झालो. तिच्याबद्दल मॅनेजर म्हणाले, “तिचं काम तसं सोपंच आहे.”

इथे मात्र माझं डोकं फिरतं. 26 आठवड्यांत तिला एक फोन करावा लागला नाही. बाळाला झोपवताना तिच्या उशाशी लॅपटॉप नव्हता. एवढं सोपं करून ठेवायला काय लागतं, ते अप्रेजलच्या फॉर्मवर भरायला रकानाच नाही.

परतल्यावर ती म्हणाली, “तुमचं ते फंक्शन जरा सुटसुटीत करू का?”

“अवश्य कर,” मी म्हणालो. “फक्त पुढचं अप्रेजल होऊन जाऊ दे.”