पावती फाडली की झालं?

"आक्का, नाना आहेत का हो घरात? भाचा आलाय चाकणहून, तोंड पाडून बसलाय."

"का गं? नोकरी गेली की काय?"

"नोकरी आहे हो. कंपनीत करार झाला, चार वर्षांचा. आणि ह्या बाबाला कळलं कधी, तर नोटीस बोर्डावर कागद लागल्यावर!"

"मग युनियन झोपली होती?"

"युनियननंच सही केली ना!"

हे ऐकलं आणि आक्कांनी घमेलं खाली ठेवून कुंपणाच्या खांबाला पाठ टेकली. आता अर्धा तास सुटका नाही, हे मी ओळखलं. नाना परळला गिरणीत साचेखात्यात होते, त्यामुळे युनियनचा विषय निघाला की आक्का अर्ध्या वकील.

"अगं, नानांच्या ट्रंकेत अजून युनियनच्या वर्गणीच्या पावत्या आहेत बघ. एकाच महिन्याच्या दोन, दोन वेगळ्या झेंड्यांच्या. एक मनापासून फाडलेली, दुसरी जॉबरची, म्हणजे मुकादमाची कटकट नको म्हणून. आता सांग, हा माणूस सभासद कुणाचा?"

"दोघांचा!"

"तसंच व्हायचं. १९४६ चा तो बीआयआर, म्हणजे मुंबई औद्योगिक संबंध कायदा, पावत्याच मोजायचा. शंभरातले पंचवीस सभासद दाखवले की ती युनियन अख्ख्या धंद्याची प्रातिनिधिक. मग मालकांशी बोलणार तीच, सही करणार तीच. मुंबईच्या गिरण्यांत तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. उरलेले पंचाहत्तर गेले उडत."

"म्हणून सगळे डॉक्टर दत्ता सामंतांकडे गेले होय?"

"गेले म्हणजे? १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून पेटलं, आणि कामगारच मोर्चानं घाटकोपरला त्यांच्या दारात. पुढे १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख माणूस संपावर. लोकांना वाटतं नुसती पगारवाढ मागत होते. हा कायदाच काढून टाका, हीसुद्धा मागणी होती. आमची युनियन कुठली ते आम्हाला ठरवू द्या, म्हणत होते. पण कुणी विचारलं नाही बाई."

"डॉक्टरांनी तरी कुठं विचारलं?" पडवीतून नानांचा आवाज आला.

आक्का गप्पच झाल्या. नाना सामंतांबद्दल वावगं बोलत नाहीत कधी.

"माणूस लाखमोलाचा," नाना चपला सरकवत बाहेर आले. "पण शेवटचा शब्द त्यांचा. गिरणीत कमिट्या होत्या, सभांना मैदानं भरायची, आम्ही हात वर करायचो. संप पुढे न्यायचा का, यावर कुणी चिठ्ठी टाकायला दिली नाही. माझ्या वडिलांच्या वेळची गोष्ट निराळी."

नानांचे वडीलही गिरणीतच. १९२८ चा तो सहा महिन्यांचा संप त्यांनी केलेला. त्यानंतर लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियननं गिरणीगणिक कमिट्या उभ्या केल्या, खात्यातल्याच माणसांच्या. एखाद्या खात्यात कुणाला कामावरून काढलं, कुणाचा पगार कापला, तर तक्रार तिथल्या तिथे कमिटीकडे. वर्गणी गोळा करणारीही तीच. युनियनचे अध्यक्ष अर्जुन अळवे स्वतः गिरणी कामगार होते. या कमिट्या ऊठसूट काम बंद पाडतात म्हणून मालक कातावलेले. मला तर वाटतं, पुढारीही थोडे कातावले असतील. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी कम्युनिस्ट पुढाऱ्यांना धरलं, त्या वर्षीचा संप फसला, आणि कमिट्यांचं बळही गेलं.

"ते सगळं खरं," मी म्हटलं, "पण भाच्यानं काय करायचं? करारावर कामगारांचं मतदान घ्या असं कायद्यात आहे का?"

"नाही," नाना म्हणाले. "नव्या औद्योगिक संबंध संहितेतही नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झालीय. तिच्यात एक्कावन्न टक्के सभासदांची अट आहे, मस्टरवरच्या कामगारांपैकी. म्हणजे वाटाघाटीला कोण बसणार ते ठरलं. आत बसून काय कबूल केलं, ते बाहेरच्यांना आधी दाखवायचं की नाही, हे युनियनच्या घटनेवर. ती वाचलीय का त्यानं?"

"घटना? त्याच्याकडे पावती आहे फक्त."

"बघ!" आक्कांना पुन्हा जोर चढला. "आणि हिशेब? १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यातच होतं, जमाखर्चाची वही न् सभासदांची यादी कुठल्याही सभासदाला बघता येते म्हणून. आमच्या चाळीत तीनशे गिरणीवाले, एकानं कधी मागितली असेल तर शपथ!"

"मागायला हवी होती," नाना म्हणाले. "ब्याऐंशीचा संप संपला कधी, हेही विचार मला. आजतागायत कुणी मागे घेतलेला नाही. माणसं एकेक करून कामावर गेली, नाहीतर गावी आली, माझ्यासारखी. तुझ्या भाच्याला इकडे पाठव. आधी घटनेची प्रत मागायची, मग वही, आणि पुढच्या करारापूर्वी सर्वसाधारण सभा लावायला शंभर सह्या. अर्ज मी लिहून देतो."