फ्लडलाइटच्या मालकास खुले पत्र

मालक,

मृगाचा पाऊस झाला की गेवराई-माजलगावच्या ऊसपट्ट्यात हुमणीचे भुंगेरे दिवेलागणीला जमिनीतून निघतात. लिंबावर, बाभळीवर पाला खातात, तिथंच जोड्या जमतात आणि माद्या पुन्हा मातीत अंडी घालतात. पुढं अळी उसाची मुळं कुरतडते. हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी ऐन याच दिवसांत उसाला लागून असलेल्या घरावर तुम्ही पांढराफेक फ्लडलाइट रात्रभर जाळता! वर म्हणता, ‘उजेडावर किडे यायचेच, त्यात माझा काय दोष?’ दोष तुमचाच आहे.

किडा हौसेनं दिव्यावर येत नाही. २०२४ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी हे टिपलं आहे: उडताना कीटक पाठ उजेडाकडे ठेवतो. रात्रीही आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं, त्याच्याकडे पाठ असली की अंग सरळ राहतं. तुमचा दिवा बाजूला. म्हणून तो कलतो, वळतो, घिरट्या घालत राहतो. दिव्याच्या वर गेला तर उलटा होऊन कोसळतो.

सकाळी झाडू मारण्याआधी ओट्यावर बसून बघा. वाळवीचे गळलेले पंख, उताणे पडून पाय झाडणारे भुंगेरे, आणि त्यांतच हिरवट, जाळीदार पंखांचा क्रायसोपा. त्याची अळी कपाशीवरचा मावा खाते. मावा खाणारेच तुम्ही मारता आणि मग पाठीवर पंप घेता.

‘हा प्रकाश सापळाच आहे,’ असं तुम्ही पारावर सांगता. सापळ्याखाली घमेलं लागतं, त्यात रॉकेल टाकलेलं पाणी लागतं. तो संध्याकाळी दोन-तीन तास लावून बंद करतात, कारण रात्रभर ठेवला तर मित्रकीटकही जातात. तुमच्या दिव्याखाली घमेलं नाही. भुंगेरे गोळा करून उसाच्या बांधावर मोकळे सोडणं, याला सापळा म्हणत नाहीत.

विंचूकाट्याची भीती खरी आहे, अंगण अंधारात ठेवा असं मी म्हणणार नाही. निळसर पांढऱ्या उजेडावर किडे जास्त येतात, म्हणून पिवळसर, कमी वॅटचा बल्ब लावा. त्याला टोपी बसवा, तोंड जमिनीकडं करा. निजायच्या आधी बंद करा, रात्री उठलात तर बॅटरी घ्या. आणि हे पुढच्या वर्षी नको, भुंगेरे आत्ता निघताहेत. आज रात्रीच करा.

– तुमच्या बांधाला लागून ऊस असलेला शेतकरी