दोन मुठी कमी

आमच्या देवनहळ्ळीत बुडायचं म्हटलं तरी आधी पाणी शोधावं लागतं. शेजारच्या नंदीच्या डोंगरांत अर्कावती, पालार, उत्तर पिनाकिनी, दक्षिण पिनाकिनी अशा चांगल्या चार नद्या जन्माला येतात आणि डोळे उघडले की माहेर सोडून चालू लागतात. गावाच्या वाट्याला राहिलं टिपू सुलतानाचं जन्मस्थान, चकोत नावाचं पपनस आणि २००८ पासून विमानतळ. अशा गावात, सातव्या मजल्यावर राहून, वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी कयाक विकत घेतली. सोळा फुटी.

सांगलीला आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "होडी घेतलीस? बरं केलंस. आणि नदी?"

नदी तिच्याकडं होती. मी सांगलीचा, आणि कृष्णाकाठचा माणूस परमुलखात गेला की त्याच्या पाण्याच्या गप्पांना पूर येतो. ऑफिसात मी आयर्विन पुलावरून उड्या टाकणाऱ्या पोरांच्या गोष्टी सांगतो. त्या पोरांचे कपडे सांभाळत काठावर बसलेला मुलगा मी होतो, एवढं गाळतो. होड्यांच्या शर्यतींचं वर्णन तर असं करतो की ऐकणाऱ्याला माझ्या दंडावर वल्ह्याचे वळ दिसावेत. खरा अनुभव एकच. आजोबांच्या गुऱ्हाळाची काहील. उसाचा रस आटवायची ती भलीमोठी लोखंडी कढई ओढ्याला पाणी आलं की पलीकडं जायला होडी म्हणून वापरायचे. सातव्या वर्षी मला तीत बसवलं होतं. "मधोमध बस आणि हलू नको," एवढं एकच शिक्षण. मी मधोमध बसलो, हललो नाही, काहील मात्र गोल गोल फिरली आणि पलीकडं पोचेपर्यंत माझ्या पोटातलं सगळं ओढ्यात गेलं.

एवढ्या भांडवलावर कयाकचं वेड लागायला ओस्कर श्पेक कारण झाला. मंदीत नोकरी गेलेला हा जर्मन माणूस १९३२ साली घडीच्या कयाकीतून डॅन्यूब नदीत उतरला. जायचं होतं सायप्रसला, तांब्याच्या खाणीत काम शोधायला. पण वल्हवायची गोडी अशी लागली की भारताच्या किनाऱ्याला वळसा घालून १९३९ साली तो थेट ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत जाऊन पोचला. तोवर महायुद्ध सुरू झालेलं, त्यामुळं तिथल्या पोलिसांनी त्याचं स्वागत केलं आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून आत टाकलं. रात्री दीड वाजता हे वाचून मी उठून पाणी प्यालो. मला नोकरी होती, पेन्शनचा हिशेब होता, गुडघा दुखत होता. पण सात वर्षं! मला निदान एक रविवार तरी.

मग तीन महिने मी कयाकी बघत होतो. आमच्याकडं स्थळं बघत तशा. उंची, रुंदी, वजन, घराणं. बसायचे दोन प्रकार असतात. एकात वरच्या उघड्या बैठकीवर बसायचं. उलटली तरी माणूस नुसता पाण्यात पडतो आणि परत चढून बसतो. दुसरीत पाय लांब करून भोकात शिरायचं, कंबरेखालचा माणूस होडीच्या पोटात. नवशिक्याला पहिली बरी, नऊ-दहा फुटांची, पाऊण मीटर रुंद. वळते चटकन, डुगडुगत नाही. लांब-अरुंद कयाक सरळ जाते, वेगात जाते, पण तीत बसल्याबसल्या ती अशी डुचमळते की जणू आपली ओळखच नाही. पुढं ती कलली की मात्र कललेल्या अवस्थेत छान टेकून राहते, असंही कयाकींच्या माहितीत लिहिलेलं असतं. मी यातलं फक्त शेवटचं वाक्य पाठ केलं.

दुकानातल्या मुलानं मला एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं. जास्त वेळ मधेच बघितलं. आणि एका पिवळ्या, दहा फुटी, रुंद कयाकीकडं बोट केलं. "अंकल, ही घ्या. मुलंसुद्धा चालवतात."

ते 'सुद्धा' मला लागलं. शिवाय ती दिसायला अगदी बागेतली घसरगुंडी आडवी केल्यासारखी होती. श्पेक असल्यात बसला असता काय? मी विचार करतो म्हणालो आणि परदेशी निघालेल्या एका गृहस्थांची जुनी सागरी कयाक अर्ध्या किमतीत उचलली. लाल-पांढरी, दोन्ही टोकांना निमुळती. पाहताक्षणी माणसाचं वजन दहा किलोंनी उतरावं अशी. तिचं स्वतःचं पंचवीस किलो होतं.

घेण्याआधी मी माप घेतलं नाही असं कुणी म्हणू नये. उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट शिकाऱ्यांत होडी अंगाबरहुकूम शिवत. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं, आणि माप शिकाऱ्याच्या शरीराचं. दोन्ही हात पसरून जेवढी वाव भरेल तिच्या तिप्पट लांबी. मी बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप आणली, हॉलमध्ये हात पसरून उभा राहिलो. एकशे पासष्ट सेंटिमीटर. गुणिले तीन म्हणजे सोळा फुटांवर थोडं. मला गहिवरून आलं. ही होडी माझ्यासाठी जन्माला आली होती!

हे जिथं वाचलं त्याच परिच्छेदात पुढं रुंदीचं माप होतं. बसायच्या जागी, नितंबांची रुंदी अधिक दोन मुठी.

लांबी इतकी तंतोतंत जुळल्यावर माणूस उगाच रुंदीच्या खोलात शिरत नाही.

कयाक टपाला बांधून आणली. गाडी साडेबारा फुटांची, होडी सोळा. मागं बाहेर आलेल्या टोकाला मी बायकोचा लाल ब्लाऊजपीस बांधला होता, तिला न विचारता. फाटकावरच्या वॉचमननं गाडीभोवती एक फेरी मारली. विमानतळाच्या गावातला माणूस, त्याचा तर्क सरळ होता. "एनु सार इदु? प्लेन पार्टा?" मी होडी आहे म्हटल्यावर तो हसला नाही. वहीत 'एअरक्राफ्ट' लिहून टाकलं. ते निदान त्याला वरिष्ठांना सांगता आलं असतं.

लिफ्टमध्ये ती मावण्याचा प्रश्नच नव्हता. जिन्याच्या पहिल्या वळणावर अडकली, तिथं चार शेजारी आले आणि चार दिशांना ढकलू लागले. शेवटी खाली पार्किंगमध्ये ठेवली. गाडी रस्त्यावर गेली. वर आणला तो फक्त स्प्रे-स्कर्ट. कमरेला घालायचा रबरी घेर, त्याची कड कयाकीच्या भोकाला बसवायची, म्हणजे पाणी आत येत नाही. मी तो आरशासमोर चढवून बघत होतो तेव्हा बायको भाजी घेऊन आली. पिशवी खाली ठेवायलाही विसरली.

"अहो, परकर नेसून कुठं निघालात?"

रविवारी मी तो परकर घरीच ठेवला. त्याचे उपकार पुढं कळले.

बेंगळुरूच्या पाण्याचा इतिहास तसा कोरडाच. मोठा बसस्टँड धर्मांबुधी तळ्याच्या जागी, कंठीरवा स्टेडियम संपंगी तळ्याच्या जागी. शहरात बऱ्याच गोष्टी तळ्यातच आहेत, पाणी सोडून. देवनहळ्ळीच्या बाजूला मात्र अजून काही केरे शिल्लक आहेत. केरे म्हणजे बांध घालून अडवलेलं जुनं तळं. त्यातल्या एकाच्या मासेमारीचा ठेका ज्याच्याकडं होता त्या अण्णाला भेटून मी आधी परवानगी काढली. त्यानं होडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि काहीच न बोलता मान हलवली. कर्नाटकात मान हलवली की हो का नाही हे मला बारा वर्षांत कळलेलं नाही.

सकाळचे सात. काठावर बोटांमधून वर येणारा गार, काळा गाळ. एका वाळक्या बाभळीवर पंख वाळत घालून बसलेला पाणकावळा. मी लाइफजॅकेट घातलं, पट्टे आवळले, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला. कयाक कंबरभर पाण्यात ओढली, वल्हं आडवं टेकलं, एक पाय आत, दुसरा आत. मांड्या गेल्या. त्यानंतरचा मी काठावरच राहिलो. दोन्ही हातांनी भोकाची कड धरून जोर लावला, थोडा डावीकडून, थोडा उजवीकडून, आणि बाटलीला बूच बसावं तसा फच्चकन बसलो. बसलो हे खरं, पण आता उठायचं माझ्या हातात राहिलं नव्हतं.

या होडीत कंबर सैल सोडायची असते. वरचं अंग स्थिर, खालचं होडीबरोबर हलतं. माझी कंबर सैल सोडायला जागाच नव्हती. होडी डुचमळली की मी अख्खा डुचमळायचो. मी उजवीकडं एक वल्हं मारलं. कयाक देखण्या रीतीनं पुढं सरकली. माझ्या तोंडून "वा!" निघालं. 'वा' संपेपर्यंत आकाश खाली गेलं होतं.

उलटं लटकल्यावर दोन गोष्टी समजल्या. हात तळाच्या गाळात पोचत होते, आणि बूच निघत नव्हतं. परकरही असता तर ही हकीकत बायकोनं लिहिली असती, आणि तिनं ती इतकी लांबवली नसती. एक मोठा घोट पोटात गेला. मग कुणीतरी लाइफजॅकेटच्या खांद्याला धरून, मांजरीनं पिल्लू उचलावं तसं मला हिसडा देऊन बाहेर काढलं. अण्णा. तो पोहत आला नव्हता, चालत आला होता.

बांधावर बसवून त्यानं मला चकोताच्या फोडी दिल्या, तिखटमीठ लावलेल्या. तोंडाची चव बदलावी म्हणून असेल. मी विचारलं, पाणी पोटात गेलंय, चालेल ना? तो शांतपणे म्हणाला, "निम्मदे नीरु, सार." तुमचंच पाणी. बेंगळुरूच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते इकडच्या तळ्यांत सोडतात, हे मी पेपरात वाचलं होतं आणि योजनेचं कौतुकही केलं होतं. कावेरी शंभर किलोमीटर लांबून उचलून आणतात, शहर ती पितं, त्यात आंघोळ करतं, भांडी घासतं, मग ती शुद्ध होऊन इथं येते. तिच्या प्रवासात माझं पोट हा एकच टप्पा योजनेत नव्हता.

माझी गाडी मी उतरलो त्या काठाला, म्हणजे आता पलीकडं होती. कयाकीत परत शिरायला मी तयार नव्हतो. अण्णानं त्याचा तेप्पा आणला. थाळीसारखी गोल होडी, तळाशी दोन इंच पाणी, कडेला ओलं जाळं आणि टोपलीत उड्या मारणारी तिलापिया. तिच्यात माझे नितंब, दोन मुठी, अण्णा आणि मासे, एवढं सगळं बसून वर जागा उरली. मागं दोरीला बांधलेली लाल-पांढरी कयाक डौलात येत होती. सरळ, वेगात, अजिबात न डुचमळता.

तेवढ्यात गळ्यातला मोबाइल वाजला. आई.

"गेलास का रे? कशी आहे होडी?"

"मागनं येतीय."

"आणि तू?"

तेप्पा हळूहळू गोल फिरायला लागला होता. पोटात ओळखीचं काहीतरी वर सरकलं.

"काहिलीत."

पलीकडं क्षणभर शांतता. मग आई म्हणाली, "मधोमध बस. हलू नको."